पदवीच्या वर्षांतच विधिशिक्षणाची पूर्वतयारी

यवतमाळ जिल्ह्याला वकिलीची परंपरा नवी नाही. वणी येथे २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी काही वर्षे अमरावतीस शाळेत अध्यापन केले आणि त्यानंतर यवतमाळला वकिली सुरू केली. १० जुलै १९३० रोजी पुसद येथील जंगल सत्याग्रहात त्यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. तो मोडणारा माणूस कायद्याचा जाणकार होता, हे त्या सत्याग्रहाचे वैशिष्ट्य. पुसद परिसरातील गहुली या गावी जन्मलेले वसंतराव नाईक यांनीही नागपूरला कायद्याची पदवी घेऊन काही काळ वकिली केली आणि पुढे १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषविले. आधी पदवी आणि मग कायदा, हा दोघांच्याही शिक्षणाचा क्रम होता. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आता उपलब्ध असला, तरी पदवीनंतर तीन वर्षांचा हा जुना मार्ग आजही खुला आहे. मात्र पदवीची तीन वर्षे कशी घालवली, यावर त्याचे यश बरेचसे अवलंबून राहते.

या जिल्ह्यात वकिलाची गरज कोठे भासते, हे प्रथम पाहिले पाहिजे. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात गोंड, परधान व कोलाम समाजाची वस्ती मोठी असून त्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीवाचून जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ व ३६-अ आहेत. गेलेली जमीन परत मिळावी म्हणून १९७४ चा स्वतंत्र अधिनियम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो; परंतु ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे, आणि त्या समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे, साठ दिवसांच्या आत दाद मागावी लागते. ही साठ दिवसांची गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नसेल, तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत एका कागदावर हातचे जाते. अशा गावातून एक तरी मुलगा वा मुलगी कायदा शिकून परत यावी, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही.

भाषेचा प्रश्न

ग्रामीण विद्यार्थी कायद्याच्या शिक्षणापासून दूर राहतो, त्याचे एक कारण इंग्रजीची धास्ती हे आहे. ती पूर्णतः निराधार नाही, पण अर्धीच खरी आहे. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. वणी, पुसद, दारव्हा वा पांढरकवडा येथील न्यायालयात साक्षीदार जे बोलतो ते मराठीत. कित्येकदा ते वऱ्हाडी, गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलीच्या वळणाचे असते आणि ते वळण उमजणारा वकीलच अशिलाच्या खऱ्या उपयोगी पडतो. याउलट उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते, व ज्या निवाड्यांचा आधार तालुका न्यायालयातही घ्यावा लागतो ते इंग्रजीत असतात. तेव्हा दोन्ही भाषा हव्यात, आणि दुसरी भाषा ऐन परीक्षेच्या तोंडावर येत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख वाचून त्याचा सारांश मराठीत लिहिणे, ही साधी सवय पुष्कळ काम करते. शासनाने प्रसिद्ध केलेली ‘भारताचे संविधान’ ही मराठी प्रत आणि भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असणे अगत्याचे आहे.

ग्रंथालयाबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आले. कपाटातील जुनी मार्गदर्शके पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची कलमे चुकणार, हे उघड आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनी दंड संहिताच लागू राहते, त्यामुळे ती पुस्तके रद्दीत घालण्याचीही घाई नको.

विषय कोणता घ्यावा?

विधी अभ्यासक्रमासाठी पदवीचा अमुकच विषय हवा असा नियम नाही. राज्यशास्त्र, इतिहास वा अर्थशास्त्राचा लाभ होतो हे खरे. पण वाणिज्य पदवीधराला कर व कंपनी कायदा सोपा जातो आणि कृषी पदवीधराला पीक विमा व बियाण्यांचे तंटे चटकन कळतात. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने मिळवण्यासारखे ज्ञान पुस्तकाबाहेरही आहे. सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचता येणे, ग्रामसभेचे इतिवृत्त नेमके लिहिणे, तलाठ्याकडील नोंद व प्रत्यक्ष कब्जा यांत फरक का पडतो ते समजून घेणे, हे घरच्या शेतावरच शिकता येते. न्यायालये सर्वसाधारणतः खुली असतात. काही नाजूक प्रकरणे वगळता कोणालाही शांतपणे मागे बसून कामकाज पाहता येते. सुटीत आठ-दहा दिवस असे बसल्यास वकिली म्हणजे चित्रपटातील आरडाओरड नव्हे, बहुतांशी ती कागद, तारखा आणि प्रतीक्षा यांची बाब आहे, हे ध्यानात येते; कोणाचा बेत बदलायचा असेल तर तोही वेळीच बदलतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत विधी स्वयंसेवकांची निवड होते, तीही चौकशी करण्याजोगी संधी आहे. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, हे अजूनही पुष्कळ गावांत सांगावे लागते.

प्रवेश आणि कागदपत्रे

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते. तीत कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तार्किक विचार आणि इंग्रजी हे भाग असतात. इंग्रजीचा वाटा त्यांत सर्वांत मोठा. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५, इतर मागासवर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण आवश्यक आहेत. बारावी न होता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेले उमेदवार भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार अपात्र ठरतात. ही अट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना फार आधी सांगावयास हवी. जिल्ह्यात यवतमाळला अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे, आणि अमरावती व नागपूर ही केंद्रेही दूर नाहीत.

राखीव जागेवरील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि हुशार विद्यार्थी अडतो तो बहुधा येथेच. वडील-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, जुन्या महसुली नोंदी हे सारे जमविण्यास महिने लागतात. हा अर्ज पदवीच्या दुसऱ्या वर्षाअखेर मार्गी लागावा. ग्रामपंचायतीचे सदस्य व मुख्याध्यापक यांचे साहाय्य मोलाचे ठरते ते याच टप्प्यावर.

सनदेपर्यंत आणि पुढे

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांचे प्रत्यक्ष कार्यानुभव प्रशिक्षण असते. पदवीनंतर राज्य विधिज्ञ परिषदेकडे नावनोंदणी करावी लागते. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अधिवक्ता अधिनियमाने ठरविलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. गरीब घरातील विद्यार्थ्यांना या निकालाने मोठा दिलासा मिळाला. नोंदणीनंतर अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

न्यायाधीश होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निर्णयाने पुन्हा घातली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीपासून धरला जातो. एकविसाव्या वर्षी पदवी घेणारा विद्यार्थी चोविसाव्या वर्षी विधी पदवीधर होतो आणि सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास या परीक्षेला बसू शकतो. मधली तीन वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढावयाची असतात. त्या काळातील प्राप्ती बेताची असते, आणि तेवढे दिवस घर कसे चालेल याचा विचार कुटुंबाने मुलाच्या पदवीच्या काळातच करून ठेवावा लागतो.