संगणकाची कार्यप्रणाली नव्या हार्ड डिस्कवर हलविताना

शाळेतील संगणक काही वर्षे वापरात राहिला म्हणजे पुष्कळदा त्याची हार्ड डिस्क मंदावते. तेवढ्यावरून सारा संगणक निकामी ठरविणे योग्य नव्हे. जुन्या डिस्कमध्ये मिनिटास बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या चकत्या असतात. एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारा भागच नसतो. म्हणून ती बसविताच संगणक त्वरेने सुरू होतो.

मात्र विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली नुसत्या फायली उचलून नव्या डिस्कवर ठेवल्याने चालू होत नाही. शाळा नव्या इमारतीत न्यावयाची, तर बाके व दप्तर हलवून भागत नाही. सकाळी कुलूप उघडून घंटा देणाराही तेथे लागतो. संगणक सुरू करणारा असा छोटा विभाग डिस्कवर दृष्टीआड असतो. यास्तव संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत करावी लागते. क्लोनझिला या विनामूल्य साधनाने हे काम होते. त्यासाठी नवी डिस्क सामान्यतः जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी.

प्रथम निकालपत्रके, विद्यार्थ्यांच्या नोंदी व हिशेब यांची वेगळी प्रत बाहेरच्या साधनावर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. डिस्क कुलूपबंद असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी. नंतर क्लोनझिला पेनड्राइव्हवरून सुरू करावे.

येथेच सर्वांत मोठा धोका आहे. प्रत कोठून व कोठे करावयाची, हे साधन विचारते. उत्तर उलटे दिले गेल्यास रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरते आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून दोन्ही डिस्कांचे नाव, क्षमता व अनुक्रमांक आधीच कागदावर टिपून ठेवावेत, दुसऱ्या शिक्षकाकडून ते पडताळून घ्यावेत आणि मगच संमतीची कळ दाबावी.

काम पुरे होताच संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी व नवी तिच्या जागी लावावी. पहिल्या वेळी दोन्ही एकत्र जोडू नयेत. त्यांची ओळख एकच असल्याने घोटाळा संभवतो.

जुनी डिस्क लगेच पुसू नये. तिच्यावर दिनांकाची चिठ्ठी लावून ती महिनाभर कपाटात ठेवावी. नवी डिस्क विकत मिळते. हरवलेली नोंद मात्र मिळत नाही.