रंग तुम्ही निवडा!

‘ॲव्हरेज किती देते?’ गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. मीही त्यालाच भुलले होते. २०१८ मध्ये आम्ही एक जुनी डिझेल गाडी घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून सोसायटीत पेढेही वाटले.

पुढच्याच पावसाळ्यात सासूबाईंना घेऊन साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाटात गाडी एकदम बंद पडली. धो धो पाऊस, मागून ट्रकचे हॉर्न. सासूबाई मुकाट्यानं जप करत बसलेल्या. शेवटी गाडी टो करून गॅरेजला नेली. मेकॅनिक म्हणाला, “ताई, टायमिंग बेल्ट तुटला. व्हॉल्व्ह वाकलेत. इंजिन उघडावं लागणार.”

बिल झालं अठ्ठेचाळीस हजार! लेकीच्या बारावीनंतरच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली एफडी मोडली. लेक एका शब्दानं बोलली नाही. तेच जास्त लागलं.

आधीच्या मालकानं बेल्ट कधी बदलला होता, हे आम्ही विचारलंच नव्हतं. ठरलेल्या किलोमीटरला तो बदलला असता, तर काही हजारांत भागलं असतं.

त्या दिवसापासून दुधाच्या हिशेबाशेजारी मी गाडीची वही ठेवली. ऑइल आणि फिल्टर, बॅटरी, टायर, विमा, पीयूसी. बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकते, टायर चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला बदलायला येतात. हे खर्च अचानक येत नाहीत हो, आपणच ते धरत नाही!

यंदा नवी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी वही घेऊनच शोरूममध्ये गेले. “टायमिंग बेल्ट आहे की चेन?” मी विचारलं. सेल्समननं उत्तर ह्यांच्याकडे बघून दिलं! मी पुन्हा विचारलं. पाच वर्षांत सर्व्हिसिंगला किती? वॉरंटी कशावर नाही? क्लच-प्लेटची, हेडलाइटची किंमत काय? आमच्या गावी सर्व्हिस सेंटर आहे का? मग मात्र तो माझ्याकडे वळला.

ह्यांना अजूनही डिझेलच हवी होती. मी हिशेब मांडला. आमचं फिरणं वर्षाला सहा हजार किलोमीटर. पेट्रोल शंभर रुपये आणि ॲव्हरेज पंधरा, डिझेल नव्वद आणि ॲव्हरेज वीस धरलं, तर वर्षाला वाचतात तेरा हजार. डिझेल गाडी महाग होती सव्वा लाखानं. म्हणजे तो फरक वसूल व्हायला नऊ वर्षांहून जास्त! शिवाय बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. नुसती भाजी आणायला आणि क्लासला सोडायला गाडी काढली, की तो तुंबतो. रोज लांबचा प्रवास असणाऱ्यांचं गणित वेगळं, आमचं नाही.

जुनी घेणाऱ्या मैत्रिणींनो, एक सांगते. चकचकीत पॉलिशवर जाऊ नका. सर्व्हिसची नोंद मागा, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या, थंड इंजिन चालू करून बघा. आणि पावसाळी भागात राहत असाल, तर इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान विम्यात धरलंय का, तेही विचारा. साध्या पॉलिसीत ते सहसा नसतं.

शेवटी आम्ही पेट्रोलच घेतली. ह्यांचं तोंड जरा उतरलेलं दिसलं, तेव्हा मी म्हटलं, “अहो, रंग तुम्ही निवडा की!”

लाल घेतलाय. छान दिसतो.