परदेशातली पीएचडी : प्रवेशाआधी विचारा, पैसे कोण देणार?

झरीतल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी दीड लाखाचं कर्ज मागितलं. लेक परभणीच्या कृषी विद्यापीठातून एमएस्सी झालेली. ‘ब्रिटनमध्ये पीएचडीला प्रवेश मिळवून देतो,’ असं एका एजंटानं सांगितलेलं. आम्ही कर्ज थांबवलं आणि आधी माहिती काढली. तीच आज सांगतो.

प्रवेशाचं पत्र मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. तिथली पीएचडी तीन-चार वर्षं चालते. त्यासाठी पैसा तीन ठिकाणांहून मिळू शकतो.

पहिलं, विद्यापीठाचा संशोधन प्रकल्प. प्राध्यापकांकडे अनुदान असलं की विद्यार्थी हवा म्हणून नोकरीसारखी जाहिरात निघते. ‘फाइंड अ पीएचडी’ या संकेतस्थळावर माती, दुष्काळ, कडधान्य असा आपला विषय टाकून शोधायचं. जाहिरातीत ‘सेल्फ फंडेड’ लिहिलं असेल तर खर्च आपलाच. ब्रिटिश सरकारच्या संशोधन परिषदांची वृत्ती २०२१ पासून परदेशी मुलांनाही मिळू शकते. खर्चापाण्याला वर्षाला सुमारे २० हजार पौंड मिळतात. पण परदेशी विद्यार्थ्यांची फी जास्त असते. वरचा फरक कोण भरणार, हे लेखी विचारून घ्यावं.

दुसरं, मोठ्या शिष्यवृत्त्या. केंब्रिजला गेट्स, ऑक्सफर्डला क्लॅरेंडन. क्लॅरेंडनसाठी वेगळा अर्ज नाही, ठरलेल्या मुदतीत प्रवेश अर्ज केला की विचार होतो. चेव्हनिंग मात्र एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे, पीएचडीला चालत नाही.

तिसरं, आपलं सरकार. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे. फी, निर्वाहभत्ता, विमानभाडं त्यात येतं. पीएचडीला वयाची अट ४० वर्षं. आदिवासी, इतर मागासवर्गीय, मराठा समाजासाठीही वेगळ्या योजना आहेत. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून चालू वर्षाचीच जाहिरात वाचावी.

इथं आईचं काम सुरू होतं. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, पासपोर्ट हे सगळं आधीच तयार ठेवा. बऱ्याच जाहिराती दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान निघतात आणि शिक्षण पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा तेव्हा सुरू केल्या तर मुदत निघून जाते.

पैसा मध्येच संपला तर काय होतं, हे बाबासाहेबांनी भोगलं. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांनी हातभार लावला, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा जाता आलं. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. म्हणून वृत्ती किती वर्षांची, हेही आधीच विचारा.

अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मुलगी स्वतः भरू शकते, एजंट लागत नाही. प्राध्यापकांना थेट ईमेल पाठवला तरी चालतो. आपण काय शिकलो, कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे, एवढं थोडक्यात लिहावं. पाच-दहा ठिकाणांहून उत्तर येणार नाही, तरी लिहीत राहावं.

त्या ताईंना गटानं कर्ज दिलं, पण फक्त इंग्रजीच्या परीक्षेच्या फीपुरतं. लेक आता प्राध्यापकांना पत्रं लिहिते आहे. तुमच्या गटात अशी मुलगी असेल, तर पुढच्या बैठकीत तिला आधी बोलू द्या.