मोठ्याने रडणाऱ्याचा नंबर नंतर का?

समजा, तुम्ही पेरूच्या झाडावरून धप्पकन पडलात. मनगट सुजून टम्म झालंय. तुम्ही असं भोकाड पसरलंय की अख्खी गल्ली गोळा झाली. बाबांनी रिक्षा केली आणि थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आणलं. बसलात बाकावर.

तेवढ्यात एक आजी आल्या. रक्त नाही, जखम नाही, रडणं तर नाहीच. कपाळावरचा घाम पुसत एवढंच म्हणाल्या, "जीव घाबरा होतोय गं." झालं! नर्सताईंनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि सरळ आत नेलं.

पण आधी तर तुम्ही आला होतात! रेशनच्या रांगेत असं कुणी घुसलं असतं तर केवढं भांडण झालं असतं.

खरी गंमत पुढेच आहे. नर्सताईंनी तुम्हालाही तपासलं होतं, आणि तुमचं रडणं ऐकून त्यांना जरा हायसंच वाटलं होतं! रडायला काय काय लागतं बघा. छातीत भरपूर हवा जावी लागते, म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे. आवाज काढायचा तर फुप्फुसं नीट चालायला हवीत. आणि 'दुखतंय, आई गं' म्हणायचं तर मेंदू जागा हवा. एका भोकाडात तीन परीक्षा पास! झाडावरून पडलेलं मूल गप्प पडून राहिलं, हाक मारली तरी डोळे उघडेना, तर मात्र सगळे धावत सुटतात.

आजींचं काय? हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागतं आणि ते बारीक रक्तवाहिन्यांमधून येतं. त्यातली एखादी तुंबली की पुढचा स्नायू उपाशी पडतो आणि मरायला लागतो. अशा वेळी छातीत दुखतंच असं नाही. म्हाताऱ्या माणसांना कधी नुसता घाम फुटतो, धाप लागते, मळमळतं. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. म्हणून अशी शंका आली की माणूस दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी काढायचा, असा डॉक्टरांचा दंडक आहे. तुमचं मनगट तासाभराने प्लास्टरमध्ये घातलं तरी जुळेल. आजींच्या हृदयाकडे तेवढा तास नाही.

या निवडीला 'ट्रायाज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा अर्थ अगदी घरातला: निवडणं! आजी ताटात तांदूळ घेऊन निवडते ना, तसंच. नेपोलियनच्या सैन्यात डोमिनिक लारे नावाचे सर्जन होते. तेव्हा जखमी सैनिक लढाई संपेपर्यंत रणांगणातच पडून राहायचे. लारेंनी त्यांना लढाई चालू असतानाच उचलून आणायला हलक्या घोडागाड्या तयार केल्या. आणि उपचार आधी कोणावर? ज्याची जखम जास्त गंभीर, त्याच्यावर. मग तो साधा शिपाई असो की मोठा अधिकारी, आपला असो की शत्रूचा. मला तर ही कल्पना त्या काळातल्या कुठल्याही तोफेपेक्षा मोठी वाटते.

आता ही निवड रंगांनी करतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग असतात. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात पाच रंगांची पद्धत बसवली. तिथे लाल रंगाला थांबणं नाही, नारिंगीला फार तर १० मिनिटं, पिवळ्याला १ तास, हिरव्याला २ आणि निळ्याला ४ तास.

पण एकदा मिळालेला रंग कायमचा नसतो हं! बाकावरचा हिरवा माणूस तासाभरात पिवळा होऊ शकतो. म्हणून नर्सताई पुन्हा पुन्हा फेरी मारतात.

त्या बघा, तुमच्याकडेच आल्या. दुखऱ्या हाताच्या बोटाचं नख त्यांनी हळूच दाबलं, मग सोडलं. तुम्हीही आत्ता स्वतःच्या नखावर करून बघा. दाबलं की पांढरं, सोडलं की साधारण २ सेकंदांत पुन्हा गुलाबी. मोडलेल्या हाडाच्या पलीकडे, पार बोटाच्या टोकापर्यंत रक्त पोचतंय का, ते त्या बघत होत्या.

नख गुलाबी झालं. "छान," नर्सताई म्हणाल्या, "चल, आता एक्स-रे काढू."