निळी रेषा, लाल रेषा

चिंचवडला मोरया गोसावींचे समाधिमंदिर पवनेच्या अगदी काठावर आहे. पावसाळ्यात नदीला मोठे पाणी आले, की ते मंदिरात शिरते. नदीकाठच्या कोणत्याही जुन्या गावात जा आणि एखाद्या आजोबांना विचारा, "पाणी कुठपर्यंत येते हो?" ते घाटाच्या पायऱ्या दाखवून सांगतील, "या पायरीपर्यंत दर साली येते. त्या ओट्यापर्यंत कधी तरी. आणि त्या पिंपळाच्या पारापर्यंत आमच्या वडिलांच्या वेळी आले होते."

मित्रांनो, आजोबांनी हाताने दाखवलेल्या या खुणा म्हणजे एक नकाशाच आहे. तो फक्त कागदावर काढलेला नाही, इतकेच. पण जिथे कालपर्यंत ज्वारीची शेते होती आणि आज लाखो माणसे बाहेरगावाहून येऊन राहिली आहेत, तिथे आजोबांना कोण विचारणार? तिथे कागदावरचा नकाशाच हवा.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा असाच पट्टा आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि माळरानांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे उद्योग इंद्रायणी ओलांडून चाकण, महाळुंगे, निघोजे या गावांच्या शिवारांत पोचले. या पट्ट्यातून पवना आणि इंद्रायणी वाहतात. दक्षिणेला मुळा आहे आणि चाकणच्या उत्तरेला भामा. म्हणजे कारखाने आले, वस्ती आली, पण नद्या होत्या तिथेच आहेत. तिथेच आहेत, पण तशाच आहेत का? हाच आपला आजचा प्रश्न.

दोन रेषा

नदीकाठी कुठे बांधावे आणि कुठे बांधू नये, यासाठी महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने १९८९ मध्ये नियम घालून दिले. त्यानुसार नकाशावर दोन रेषा काढतात. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो, ती निळी रेषा. सरासरीने १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो, ती लाल रेषा. वर धरण असेल, तर त्याच्या सांडव्यातून किती पाणी सुटू शकते हेही लाल रेषा ठरवताना विचारात घेतात. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथे शेती, बागा, खेळाची मैदाने चालतील, पण घरे नकोत. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तिथे अटी पाळून बांधता येते.

'२५ वर्षांतून एकदा' या शब्दांनी मात्र पुष्कळांची फसगत होते. एकदा पूर येऊन गेला, की आता २५ वर्षे निर्धास्त, असे लोकांना वाटते. ते खरे नाही. एका डब्यात २५ चिठ्ठ्या टाका. २४ पांढऱ्या आणि एक निळी. दर वर्षी न पाहता एक चिठ्ठी काढा आणि पुन्हा डब्यात टाका. निळी चिठ्ठी लागोपाठ दोन वर्षेही निघू शकेल, नाही का? निळ्या रेषेचा अर्थ एवढाच, की दर वर्षी पूर तिथवर येण्याची शक्यता २५ मध्ये १, म्हणजे शेकडा ४ आहे.

आता समजा, एखाद्याने नेमके या रेषेवर घर घेतले आणि २० वर्षांचे कर्ज काढले. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९६. वीस वर्षे लागोपाठ न येण्याची शक्यता काढायची, तर ०.९६ ला ०.९६ ने असे वीसदा गुणत जायचे. उत्तर येते सुमारे ०.४४. म्हणजे कर्ज फिटण्यापूर्वी निदान एकदा पाणी घराशी येण्याची शक्यता शेकडा ५६, निम्म्याहून अधिक!

ही रेषा नुसती शाईची नसते. मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महानगरपालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाने तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. ज्या रेषेवरून माणसाचे घर राहायचे की जायचे हे ठरते, ती रेषा अचूक असली पाहिजे. ती चुकली तर दोन्हीकडून अन्याय होतो. सुरक्षित जागेवर उगाच बंदी येते किंवा धोक्याच्या जागी सरकारी परवान्यानिशी घरे उभी राहतात.

रेषा कशी ठरते?

रेषा काढण्यासाठी अभियंत्यांना तीन गोष्टी लागतात: पाऊस किती पडेल, त्यातला किती नदीत येईल आणि नदीच्या पात्रात तो किती उंचीवर पोचेल. एकेक गोष्ट क्रमाने पाहू या. या तिन्ही गोष्टी बदलू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, पाऊस. अनेक वर्षांच्या नोंदींवरून मोठ्या पावसाचा अंदाज बांधतात. नोंदी वाढल्या की अंदाज बदलतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशी एक नोंदही सगळी कोष्टके पुन्हा तपासायला लावते. अमेरिकेत टेक्सास राज्यात २०१७ साली 'हार्वे' वादळ आले. त्यानंतर २०१८ मध्ये तेथील राष्ट्रीय महासागर व वातावरण संस्थेने पावसाची कोष्टके नव्याने केली. ह्यूस्टन परिसरात शंभर वर्षांतून एकदा पडणारा चोवीस तासांचा पाऊस पूर्वी सुमारे ३३ सेंटिमीटर धरत असत. तो आता सुमारे ४६ सेंटिमीटर धरावा लागतो.

दुसरी गोष्ट, जमीन. एक चौरस किलोमीटर, म्हणजे १०० हेक्टर माळ घ्या. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? दहा लाख चौरस मीटर गुणिले ०.०५ मीटर, म्हणजे ५० हजार घनमीटर. दहा हजार लिटरचे टँकर भरायचे म्हटले, तर पाच हजार टँकर लागतील.

शेतात आणि गवतात यातले बरेच पाणी मुरते. साधारण शेकडा ३० वाहून जाते असे धरले, तर ओढ्यात येते १५ हजार घनमीटर. आता तिथे पत्र्याची छपरे, काँक्रीटची अंगणे आणि डांबरी रस्ते आले. मग शेकडा ८० वाहून जाते. म्हणजे ४० हजार घनमीटर! तासाला भागून पाहा. पूर्वी ओढ्याला सेकंदाला सुमारे ४ घनमीटर पाणी होते, आता ११. ओढा तेवढाच, ढगही तेवढाच. शिवाय गवतातून पाणी रमतगमत येते, तर गटारातून धावत येते. त्यामुळे सगळे पाणी एकदमच ओढ्यावर कोसळते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर चार दिवस झड लागली, की मातीही पाण्याने तुडुंब होते. मग शेतातूनही बहुतेक पाणी वाहूनच जाते आणि शेत व काँक्रीट यांतला फरक कमी होतो. पवनेचा महापूर मुख्यतः घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणातून सोडलेले पाणी आणि धरणाच्या खाली पडणारा पाऊस यांवरच ठरतो. म्हणून औद्योगिक वसाहतीचा पहिला फटका मोठ्या नदीला बसत नाही. तो बसतो वसाहतीतल्या लहान ओढ्या-नाल्यांना. नेमके हेच ओढे वळवले जातात, नळात घातले जातात किंवा बुजवले जातात. लोकांचे सारे लक्ष मात्र मोठ्या नदीकडे असते.

तिसरी गोष्ट, पात्र. नदीच्या बाबतीत भराव सर्वांत अधिक घात करतो. वाहत्या पाण्याचा नियम सोपा आहे. पात्राची रुंदी, पाण्याची खोली आणि वेग यांचा गुणाकार केला, की दर सेकंदाला किती पाणी वाहते ते कळते. समजा, पात्र १०० मीटर रुंद, पाणी ४ मीटर खोल आणि वेग सेकंदाला २ मीटर. गुणाकार ८००. म्हणजे सेकंदाला ८०० घनमीटर पाणी जात आहे.

आता काठांवर राडारोडा टाकून कोणी पात्र ८० मीटरच केले. पाणी तर तेवढेच यायचे. ते कुठे जाईल? वर चढेल. वेग तोच राहिला, तर खोली ५ मीटर होईल. पण खोली वाढली की वेगही थोडा वाढतो. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग याने १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्राने हिशेब केला, तर खोली सुमारे ४.६ मीटर येते. म्हणजे पाणी ६० सेंटिमीटर चढले.

तुम्ही म्हणाल, 'गुडघ्याएवढेच ना?' थांबा. काठची जमीन सपाट असते. दर २०० मीटरला एक मीटर असा मंद चढ असेल, तर ६० सेंटिमीटर चढलेले पाणी आडवे १२० मीटर पसरेल. काल कोरडी असलेली एक अख्खी गल्ली आज पाण्यात! नकाशावरची निळी रेषा मात्र जिथल्या तिथेच. मुळा-पवनेच्या संगमाजवळची सांगवी किंवा पिंपरीतले संजय गांधीनगर इथल्या रहिवाशांना विचारा. हे साठ सेंटिमीटर म्हणजे काय, ते तुम्हाला कळेल. तेवढ्या पाण्यात धान्य भिजते, दप्तरे भिजतात आणि आठवडाभर शाळेच्या खोलीत मुक्काम करावा लागतो.

एक प्रयोग

दोन सारखे पत्र्याचे ट्रे घ्या. एकात पाच सेंटिमीटर माती भरून हरळी लावा. दुसरा रिकामा ठेवा. दोन्ही एका बाजूने सारखेच उचला आणि खालच्या कडेला भोके पाडून भांडे ठेवा. झाडांना पाणी घालायच्या झारीने दोन्हींवर एकेक लिटर पाणी सारख्याच वेगाने शिंपडा. दर दहा सेकंदांनी भांड्यात किती पाणी जमले ते मोजा आणि आलेख काढा. रिकाम्या ट्रेचा आलेख एकदम उंच चढेल, हरळीचा बुटका आणि पसरट राहील. आता हरळीच्या ट्रेवर लगेच आणखी दोन-तीन लिटर पाणी घालून पुन्हा मोजा. आलेख कसा बदलतो? वर सांगितलेली झडीची गोष्ट तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

उपाय काय?

कारखाने नकोत, असे कोणी म्हणणार नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरची चूल त्यांच्यावरच पेटते. पण १०० हेक्टरच्या वसाहतीतून जे २५ हजार घनमीटर जादा पाणी आले, ते तासभर थोपवून धरायला किती जागा लागेल? दोन मीटर खोल तळे धरा. जागा लागेल साडेबारा हजार चौरस मीटर, म्हणजे सव्वा हेक्टर. शंभरातले सव्वा! पाऊस अधिक वेळ टिकला तर तळे मोठे लागेल, पण ही काही अशक्य गोष्ट नव्हे. टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात सुमंत मुळगावकरांच्या आग्रहाने पुष्कळ झाडे लावली गेली आणि आवारात मोठे तळेही आहे. कारखाना आणि तळे एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून दिसतेच.

दुसरा उपाय नकाशाचा. वसाहत उभी राहिली, पूल झाला, काठावर भराव पडला, की नदीचे आडवे छेद पुन्हा मोजले पाहिजेत. हे काम आता पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. विमानातून किंवा ड्रोनमधून लेसरचे किरण सोडून जमिनीची उंची काही सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजता येते आणि पुराचा हिशेब संगणक करतो. नदीबरोबर वसाहतीतल्या प्रत्येक ओढ्याचीही रेषा आखली पाहिजे.

मित्रांनो, पूररेषा नदी एकटी आखत नाही. आपण वर माळावर काय केले आणि खाली काठावर काय टाकले, यावर ती सरकते. म्हणून औषधाच्या बाटलीवर जशी तारीख पाहतो, तशी नकाशावरही पाहावी. तुमच्या गावाचा पूररेषेचा नकाशा पालिकेत किंवा पाटबंधारे कचेरीत जाऊन शिक्षकांबरोबर पाहा. निळी रेषा कुठून जाते हे नंतर बघा. आधी कोपऱ्यात सर्वेक्षणाचे साल शोधा आणि त्यानंतर गावात काय काय उभे राहिले, याची यादी करा. यादी लांबलचक झाली, तर एक अर्ज लिहा: 'हा नकाशा पुन्हा काढावा.'