पानाचं वजन

१९९७ च्या नोव्हेंबरात जगातल्या चार आघाडीच्या सर्च इंजिनांना त्यांचंच नाव विचारलं, तर पहिल्या दहा उत्तरांत स्वतःचा पत्ता फक्त एकालाच सापडत होता! स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी ही गंमत १९९८ च्या आपल्या निबंधात नोंदवून ठेवली आहे. तेव्हाची इंजिनं मुख्यतः शब्द जुळवत. साहजिकच तोच तो शब्द पानभर कोंबून वर येणाऱ्यांचं फावत होतं.

या दोघांनी पानाची साक्ष बाजूला ठेवून शेजाऱ्यांची साक्ष काढली. किती पानं लिंक देऊन याच्याकडे बोट दाखवतात? आणि ती बोटं कुणाची? वजनदार पानाचं बोट वजनदार. पण तेच पान हजार ठिकाणी बोट दाखवत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला हजारावा हिस्सा.

पण बोट दाखवणाऱ्याचं वजन ठरवायचं कुणी? पुन्हा त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनीच. म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडं! इथे गणित थक्क करतं. सगळ्या पानांना सारखं वजन द्या. प्रत्येकानं आपलं वजन लिंकांमधून पुढे वाटून टाकायचं. मग पुन्हा वाटायचं, पुन्हा वाटायचं. काही फेऱ्यांनी आकडे हलायचे थांबतात. सुरुवात कुठूनही करा, मुक्काम तोच. २ कोटी ६० लाख पानांचा हा हिशेब तेव्हा एका मध्यम कुवतीच्या संगणकावर काही तासांत होत होता.

त्यात मला सगळ्यात आवडतो तो कंटाळा. एकमेकांनाच लिंक देणाऱ्या पानांच्या टोळक्यात वजन अडकून पडू नये, म्हणून समीकरणात एक काल्पनिक वाचक बसवला आहे. लिंकमागून लिंक दाबता दाबता तो शंभरातल्या साधारण पंधरा वेळा कंटाळतो आणि भलत्याच पानावर उडी मारतो.

शेजारी संगनमतानं खोटं बोलले तर? २००३ मध्ये गमत्यांनी ‘मिझरेबल फेल्युअर’ या शब्दांवर लिंक देत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरच्या चरित्राकडे बोट दाखवलं आणि ते पान त्या शोधात पहिलं आलं. पानात ते शब्द औषधालाही नव्हते. लिंकवर लिहिलेले शब्दही पेज आणि ब्रिन यांचं गूगल हिशेबात धरतं, त्याचा हा प्रताप. त्यावर गूगलनं उतारा काढला तो २००७ मध्ये.

आज हे वजन अनेक निकषांपैकी एक आहे. पान किती ताजं, मोबाइलवर किती पटकन उघडतं, विचारणारा कुठल्या गावात बसलाय, प्रश्नाचा रोख काय, हे सगळं पाहिलं जातं. विकतच्या लिंका घेऊन वर चढलेल्यांना २०१२ पासून चांगलाच चाप बसला.

एक मात्र बघत जा. सगळ्यात वरच्या उत्तरावर जाहिरातीची खूण असेल, तर ती जागा या हिशेबातून मिळालेली नाही. तिचे पैसे मोजले आहेत.