प्रत्यक्ष प्रमाण आणि ढग

तर्कशास्त्राच्या तासाला 'प्रत्यक्ष' हे सर्व प्रमाणांत ज्येष्ठ म्हणून आपण शिकतो. डोळ्यांना दिसले, अंगाला जाणवले, की वाद मिटला. परंतु एक जागा अशी आहे की जेथे स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवणारा माणूस प्राणास मुकू शकतो. ती म्हणजे ढगात शिरलेल्या विमानातील वैमानिकाची बैठक. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात डोके का घालावे, असे कोणी विचारील. मला तरी त्यात यंत्रशास्त्राहून तर्कशास्त्रच अधिक दिसले.

आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांत द्रव असतो. आपण वळलो की हा द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूस वळण कळते. मात्र विमान एकाच गतीने वीसेक सेकंद वळत राहिले, तर द्रवही त्याच गतीने फिरू लागतो व वळणे थांबल्यासारखे वाटते. मग वैमानिकाने विमान सरळ केले की कान सांगतो, आपण उलट दिशेस वळलो! क्षितिज दिसत असते तर डोळ्यांनी ही चूक सुधारली असती. पण ढगात क्षितिजच नसते. म्हणून वैमानिकासमोर जायरोस्कोपवर चालणारे 'कृत्रिम क्षितिज' बसवलेले असते. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत जेम्स डूलिटल यांनी बैठकीवर आच्छादन ओढून घेतले आणि बाहेरचे काहीही न पाहता, केवळ यंत्रे व रेडिओ यांच्या आधारे विमान उडवले, फिरवले आणि सुखरूप उतरवले. सावधगिरी म्हणून दुसरा वैमानिक सोबत होता, एवढेच.

मग यंत्र सांगेल ते ब्रह्मवाक्य मानावे काय? १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईस निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापुढे समुद्रात कोसळले. विमानात २१३ माणसे होती. एकही वाचले नाही. खाली काळोखी समुद्र, क्षितिजाचा पत्ता नाही. उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले, तरी कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज ते उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. कप्तानाने ते सावरण्यासाठी डावीकडे कलवले आणि कलवतच नेले. यंत्रांतील तफावत विमान-अभियंत्याच्या ध्यानात आली होती. परंतु हाती थोडे सेकंदच उरले होते. वांद्र्याच्या बँडस्टँडवर संध्याकाळी वारा खायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये, हा न्यायालयातला शहाणपणा वैमानिकास वाट शोधतानाही लागतो. तोल कळला तरी आपण कोठे आहोत हा प्रश्न राहतोच, आणि त्याचे उत्तर जमिनीवरील 'व्हीओआर' नावाचे रेडिओ-केंद्र देते. अशी कल्पना करा, की एका दीपगृहाचा झोत सेकंदास एक अंश या वेगाने उजवीकडे फिरतो आहे, आणि तो बरोबर उत्तरेस आला की चहूकडे एकदम लखकन उजेड पडतो. हा उजेड दिसल्यावर ९० सेकंदांनी झोत माझ्या डोळ्यांवर आला, तर मी दीपगृहाच्या पूर्वेस आहे. व्हीओआर हेच काम रेडिओलहरींनी, सेकंदास ३० वेळा करते. मला मात्र त्याची दुसरीच एक गोष्ट अधिक आवडली. हे केंद्र आपले नाव मोर्सच्या कडकट्ट भाषेत पुन्हा पुन्हा उच्चारत असते. मुंबईचे नाव 'बीबीबी'. सुई कितीही ठामपणे दिशा दाखवो, हे नाव ऐकून ओळख पटल्याखेरीज तिच्यामागे जायचे नाही. केंद्र दुरुस्तीसाठी काढले असेल तर लहरी चालू राहतील कदाचित, पण नाव बंद केले जाते. साक्षीदाराने आपण होऊनच 'आज माझी साक्ष घेऊ नका' म्हणावे, तसे.

उतरताना याहून नेमकेपणा हवा. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाकडून 'लोकलायझर' शेजारी शेजारी दोन झोत सोडतो. येणाऱ्या विमानाच्या डाव्या अंगाच्या झोतात सेकंदास ९० आवर्तनांचा स्वर असतो, उजव्यात १५० आवर्तनांचा. दोन्ही सारख्याच जोराने आले की विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर आहे. अशीच जोडी एकावर एक मांडली की सुमारे ३ अंशांचा उतार मिळतो. आता उपग्रहांच्या साहाय्यानेही अशी वाट आखता येते. भारताच्या 'गगन' प्रणालीच्या आधारे २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगड येथे इंडिगोचे विमान उतरवण्यात आले.

इतका खटाटोप करूनही, या पद्धतीच्या नेहमीच्या पहिल्या वर्गात, जमिनीपासून २०० फुटांवर निकाल पुन्हा डोळ्यांकडेच येतो. तेथे धावपट्टी अथवा तिचे दिवे दिसले तर उतरायचे. दिसले नाहीत, तर दोन्ही सुया अगदी मध्यावर असल्या तरी, इंजिनांचा जोर वाढवून पुन्हा वर ढगात जायचे.